नदी गिळणाऱ्या गुरूंचा मेहुणा

पुलावर उभं राहायला जागा उरली नाही तेव्हा लोक कठड्यावर चढले, आणि कठडा भरला तेव्हा विजेच्या खांबांना बिलगले. खाली काठावर, घराएवढ्या करड्या शिळेच्या माथ्यावर शांतगुरू बसले होते. त्यांनी डोळे मिटले, कुणाच्या तोंडावर हात ठेवावा तसा उजवा पंजा नदीच्या दिशेने धरला आणि म्हणाले, "बास. गप्प."

आणि नदी गप्प झाली.

म्हणजे अगदी लगेच नाही. आधी गुरूंनी तिला थोडं समजावलं, थोडं दटावलं, तिच्या बालपणीच्या दोन आठवणी सांगितल्या, मध्ये लोकांचा चहाही झाला. मग मात्र पाणी दगडांवरून मागे सरकायला लागलं. गर्जनेची कुजबुज झाली, कुजबुजीचं काहीच उरलं नाही. पात्रातले गोटे ओल्या पाठीने उन्हात पडून राहिले. नगराध्यक्षांनी टोपी काढली. टोपी काढल्यावर पुढे काय करायचं हे न सुचल्यामुळे त्यांनी ती पुन्हा घातली.

"गिळली!" शिंपी ओरडला. "गुरूंनी नदी गिळली!"

गुरूंनी अगदी हलका, सुसंस्कृत ढेकर दिला.

"पोटात गारवा जाणवतोय," ते म्हणाले. "बाळांनो, उद्या सकाळी सगळे खाली या. नदीने रिकाम्या केलेल्या जागेत आपण बसू. तिथे जो बसेल, त्याच्या मनातला खळखळाट कायमचा थांबेल. खुर्च्या आणा. गोटे टोचतात."

पुलावर टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी न वाजवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. त्यांच्या एका हातात बायकोची पर्स होती आणि दुसऱ्या हातात बायकोचा लोकरीचा गुंडा. बायको टाळ्या वाजवत होती.

डॉक्टरांना गुरूंचा मत्सर वाटतो हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ते खरं होतं. आडपडदा कशाला? वीसेक वर्षं गावात ज्याचं बोलणं कुणी मध्ये तोडत नाही असा एकच माणूस होता: डॉक्टर. ऐकणाऱ्याच्या तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि डॉक्टरांची दोन बोटं असत, हे त्याचं कारण. त्या अवस्थेत त्यांनी अख्ख्या गावाला आपली मतं ऐकवली होती, आणि समोरून आलेल्या "आं" ला ते संमती समजत आले होते. मग शांतगुरू आले. त्यांच्यापुढे लोक स्वतःहून, तोंडात काहीही नसताना, गप्प बसायला लागले. डॉक्टरांना झोंबलं ते हे.

त्याहून जास्त झोंबलं ते घरात. डॉक्टर काही सांगायला लागले की बायको सुयांवरची नजर न काढता "हं" म्हणायची. गुरू बोलायला लागले की तीच बाई सुया मांडीवर ठेवायची. आणि सुयांवर होतं काय, तर डॉक्टरांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरसाठी आणलेल्या लोकरीचा एक भलताच रुंद स्वेटर.

"अगं, माझी छाती एवढी कधी झाली?" त्यांनी विचारलं होतं.

"तुम्हाला आहेत की दोन. त्यांना कोण आहे विणून द्यायला? जगाशी नातं तोडलंय त्यांनी."

"जगाशी तोडलं, पण लोकरीशी ठेवलंय."

"पाहिलंत? लगेच पोटात दुखलं."

 दुखतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार ओस पडला. दुकानांच्या फळ्या बंद, शाळेला सुट्टी, आणि जो तो खुर्ची डोक्यावर घेऊन नदीकडे निघालेला. बायकोने घडीची खुर्ची काखेत मारली.

"अगं, ते नदीचं पात्र आहे."

"मग नदी कुठाय त्यात?" ती म्हणाली. "मला पुढची रांग मिळायला हवी. दूध उतू घालवू नका."

डॉक्टर दवाखान्यात जाऊन बसले. पेशंट नव्हता. त्यांनी सगळे चिमटे पुसले, मग पुसलेले चिमटे पुन्हा पुसले, आणि खिडकीतून येणाऱ्या लाउडस्पीकरच्या आवाजाचा यथेच्छ द्वेष केला. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

दारात मफलरने डोकं गुंडाळलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. मफलरच्या एका बाजूला चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला भोपळा.

"मागून आलो डॉक्टर. कुणी बघायला नको. लवकर काहीतरी करा."

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवा केला, दिवा लावला, आत पाहिलं आणि सवयीने "अरेरे" म्हणाले. मागची दाढ पार किडली होती. त्यांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. "असर व्हायला जरा वेळ लागेल. पडून राहा. गुरूंकडे नाही गेलात? सगळा गाव गेलाय."

"गुरू!" खुर्चीतून फुत्कार आला. "ज्याला गुरू म्हणता ना, तो आमच्या दाजींशिवाय दुसरा कुणी नाही."

"दाजी?"

"माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मी मेहुणा त्याचा."

डॉक्टरांनी दिव्याची दांडी घट्ट धरली. जगाशी नातं तोडलेल्या माणसाचा मेहुणा त्यांच्या खुर्चीत, गळ्याला फडकं बांधून पडला होता! इतका आनंद त्यांना परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

"बोला," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या तोंडातून हात बाहेर काढून बसले.

मेहुणा बोलला. किती दिवसांचं तुंबलं होतं कोण जाणे. दाजी खाली गादीवर, हा वर डोंगरात पत्र्याच्या खोपटात. दाजींना गरम दूध, हा बर्फ वितळवून पाणी पितो. दाजींना लोकं स्वेटर विणतात.

"तेही माहीत आहे का तुम्हाला?"

"फोनवर मुद्दाम सांगतो ना तो! म्हणाला, एक बाई विणतेय, करड्या रंगाचा. बाहेरून मऊ, आतून अजून मऊ."

दोन मत्सरी माणसांचं सूत जुळायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी त्याच्या पाठीखाली उशी सरकवली.

"पण तुम्ही वर करता काय?"

"तळं बघतो. वर पूर्वी सगळी हिमनदीच होती. ती वितळत मागे गेली आणि जाताना पुढ्यात दगड, रेती, चिखल असा सगळा राडारोडा टाकून गेली. त्या ढिगाऱ्यामागे पाणी साठलंय. हे एवढं तळं! ढिगाऱ्याला एकच फट आहे, तिच्यातून बाहेर पडते ती तुमची नदी. आता कड्यावरचा बर्फ तुटतो, तुकडे तरंगत येतात आणि फटीत अडकतात. अडकले की मी दाजींना फोन करतो. म्हणतो, लागलं."

"आणि?"

"आणि काय? ते पाणी कमी झालेलं इथे कळायला, माणूस जेवून एक डुलकी काढेल एवढा वेळ लागतो. तेवढ्यात दाजी शिळेवर जाऊन बसतात, नदीला दटावतात. तुकडे सुटले की मी म्हणतो, सुटलं. मग दाजी नदी परत देतात."

"म्हणजे पाण्यापेक्षा फोन लवकर पोचतो. चमत्कार तो एवढाच?"

"एवढाच. पण वर थंडी काय असते, विचारा!"

"आणि ती शिळा? ती म्हणे त्यांनी आकाशातून बोलावली."

"आकाशातून कशाला? वर त्याच जातीच्या दगडाचा अख्खा कडा आहे. पाण्यानेच आणून टाकली असणार कधीतरी."

डॉक्टरांनी मनातल्या मनात शिळेचा आकार मोजून पाहिला. मग त्यांनी आरसा उचलला. "दाढ कधीपासून ठणकतेय?"

"लई दिवस. जीव नकोसा केला होता. मग परवा आपोआप थांबली. म्हटलं, सुटलो! आणि आज उठून बघतो तर हे तोंड."

"आपोआप काही थांबत नाही," डॉक्टर नेहमीच्या सुरात म्हणाले. "दुखणं थांबलं म्हणजे आतली नस मेली. पू साचायचा थोडाच थांबला? दाढेखाली त्याला वाट नाही. वाट नाही म्हटल्यावर दाब वाढतो, आणि मग तो हाड पोखरून, मिळेल तिथून..."

त्यांचा आरसा हवेतच राहिला. खिडकीबाहेर नदीचा आवाज येत नव्हता.

"काल तुम्ही 'लागलं' म्हणून कळवलंत. किती लागलंय?"

"काल कडाच कोसळला, डॉक्टर. घरंच्या घरं पडावीत तसे तुकडे. फट गच्च. एवढी गच्च मी कधी बघितली नाही. पाणी चढतंय नुसतं."

"आणि आत्ता वर लक्ष ठेवायला कोण आहे?"

मेहुण्याने नीट विचार केला. "मी."

"तुम्ही इथे आहात."

"हो की," मेहुणा म्हणाला.

"दाजींना सांगून आलात?"

मेहुण्याने मान हलवली. त्याचा खालचा ओठ आता झोपी गेला होता.

डॉक्टर ॲप्रनवरच धावत सुटले, मेहुणा मफलर सावरत मागे. घाटाच्या पायऱ्यांपाशी मेहुणा अडखळला आणि एका हातगाडीमागे दडला. दाजींना तो लहानपणापासून भीत होता. डॉक्टर एकटेच खाली उतरले. पात्रात खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळा गाव नदीच्या वाटेत बसला होता. पहिल्या रांगेत मधोमध बायको.

"उठा!" डॉक्टर ओरडले. "वर चला सगळे! डोंगरात पाणी तुंबलंय! समजा दाढेखाली गळू झालंय..."

"आली दाढ!" शिंपी म्हणाला, आणि हशा पिकला. "डॉक्टर, इथे तरी दाढ नको! दवाखाना चालत नाही म्हणून आमच्यावर राग होय?"

"डॉक्टरसाहेबांना बसायला द्या," गुरू मधाळ आवाजात म्हणाले. "त्यांच्या मनात फार खळखळाट आहे. तोंडं उघडायला लावणं सोपं, बाळांनो. मनं उघडायला तपश्चर्या लागते."

बायकोचे कान लाल झाले. "अहो, काय हे चारचौघांत? तुम्हाला त्यांचा हेवा वाटतो, दुसरं काही नाही."

"वाटतो," डॉक्टर म्हणाले. "खूप वाटतो. जेवण जात नाही इतका वाटतो. पण तू मला एवढंच सांग, पाणी गेलं कुठे?"

तिने तोंड उघडलं. तिच्या हातातल्या सुया थांबल्या. पण तेवढ्यात गुरूंनी टाळी वाजवून सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तिनेही ते मिटले.

डॉक्टर धापा टाकत हातगाडीपाशी परतले. "चला, साक्ष द्या!"

"वरती वाणी तुंवलंय," मेहुणा कळवळून म्हणाला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली. गावातला एकमेव साक्षीदार डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बधिर करून ठेवला होता.

आता काय? खेचून किती जणांना वर आणणार? आणि मग डॉक्टरांना ते सुचलं. सुचल्याबरोबर त्यांच्या पोटात असं दुखलं, की आजवरचं दुखणं म्हणजे खेळ वाटावा. त्यांनी सांगून माणसं उठणार नव्हती. गुरूंनी सांगितलं तर उठणार होती. म्हणजे हा मान, हा सगळ्यात मोठा मान, त्या माणसाच्या पदरात आपल्याच हाताने घालायचा.

पहिल्या रांगेतली मिटल्या डोळ्यांची बायको त्यांना दिसत होती.

"फोन लावा," ते म्हणाले. "बोलू नका. नुसता वाजू द्या."

खाली गुरूंचा झगा थरथरला. तो नंबर जगात एकाच माणसाकडे होता, आणि नदी बंद असताना त्याच्या फोनचा अर्थही एकच होता. गुरूंचा चेहरा चुन्यासारखा झाला. चटकन सावरून ते उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पोट धरून ओरडले, "नदी परत मागतेय! फार वेळ मावणार नाही! उठा, वर चला, पळा!" बाळांनो म्हणायलाही ते विसरले. पायऱ्यांवर पहिला पाय त्यांचाच पडला.

खुर्च्या तिथेच टाकून, वाद न घालता सगळा गाव वर आला. बायको भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "पाहिलंत? आपल्यासाठी जीव तोडून धावले ते." डॉक्टरांना बोलता आलं असतं. एका वाक्यात गुरूंचा निकाल लागला असता. पण पात्रात अजून दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून गोट्यांवरून येत होत्या, आणि वर भांडण जुंपलं असतं तर त्यांना हात द्यायला कुणी गेलं नसतं. डॉक्टरांनी दात करकचून आवळले, जे ते कुठल्याही पेशंटला करू देत नसत, आणि स्वतःच खाली उतरले.

मग गाव काठावर बसून नदीची वाट पाहू लागला. जेवून डुलकी काढण्याएवढा वेळ गेला. डुलकीवर दुसरी डुलकी झाली असती इतका गेला. नदी येईना. गुरूंनी आधी डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही. शेवटी त्यांनी लोकांकडे पाठ केली आणि झग्यात हात घातला.

गर्दीच्या मागच्या टोकाला, मफलरच्या आत, फोन वाजला.

"हां दाजी," मेहुणा सवयीने म्हणाला. ओठ झोपले होते; पण या दोन शब्दांना ओठ लागत नाहीत.

"सुटलं म्हणून कळवलंस ना? मग पाणी कुठाय गाढवा?"

हा प्रश्न सगळ्या काठाने ऐकला, पुढून गुरूंच्या तोंडून आणि मागून फोनमधून. डॉक्टरांची बायको दोघांच्या बरोबर मध्ये होती. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"दाजी?" ती म्हणाली. "तुम्हाला तर कुणीच नव्हतं."

"वायको आहे!" मेहुण्याला कंठ फुटला. "वाझी वहीण! आणि वी आहे! वर थंडीत!"

पुढचं सगळं त्याने लाळ पुसत पुसत सांगितलं: तळं, फट, बर्फ, लागलं, सुटलं. लोक आधी थिजले, मग लाजले, आणि लाज झाकायला चिडले. शिंप्याने गुरूंचा झगा धरला. तो त्यानेच शिवला होता, त्यामुळे आतला चोरखिसा त्याला ठाऊक असायला हवा होता. पण तो विषय त्याने त्या वेळी काढला नाही. नगराध्यक्षांनी टोपी सरळ केली.

"म्हणजे सगळं थोतांड! नदी येतेय हेही थोतांड! चला रे, खुर्च्या उचलून आणा खालून."

आणि अर्धा गाव हसत, शिव्या देत पुन्हा पायऱ्या उतरायला लागला.

"नका जाऊ!" डॉक्टर ओरडले. "गुरू खोटा आहे, पाणी खोटं नाही!" पण आज प्रत्येकाचं तोंड मोकळं होतं, आणि त्या गलक्यात त्यांना कोण ऐकतंय?

तेव्हा त्यांची बायको पायऱ्यांवर आडवी उभी राहिली. तिच्या हातात विणकामाची सुई होती आणि ती तिने तलवारीसारखी धरली होती.

"एक पाऊल पुढे टाकू नका! आधी मला सांगा, पाणी गेलं कुठे? यांच्या पोटात नाही, हे आत्ता कळलं. रोज एवढी नदी वाहत होती. ती काल आली नाही, आज आली नाही. मग ती आहे कुठे? सांगा ना, नगराध्यक्ष!"

नगराध्यक्षांनी तोंड उघडलं आणि डॉक्टरांसमोर उघडतात तसं उघडंच ठेवलं.

"वर आहे," मेहुणा हळूच म्हणाला. "अजून चढतंय."

शिंप्याने खालच्या पायरीवरचा पाय वरच्या पायरीवर घेतला. मग सगळे शाळेच्या टेकडीवर चढले. गुरूही चढले, सगळ्यांच्या मागून, गादीशिवाय.

उन्हं कलताना आधी खिडक्यांची तावदानं थरथरली. मग खोदलेल्या मातीचा ओला वास आला, आणि मग ते आलं. त्याला पाणी म्हणवत नव्हतं. कालवलेल्या सिमेंटची भिंत चालत यावी तसं ते होतं, आणि त्या भिंतीत झाडं उभीच्या उभी, बर्फाचे तुकडे, आणि एकमेकांवर आपटून ठो ठो करणारे धोंडे. पूल मध्ये नव्हताच असा गेला. खुर्च्या कधी गेल्या ते कळलंही नाही. काठाचा कडा पावाचा जाड काप सुरीने सोडवावा तसा सुटून आत पडला. शिळा, ती घराएवढी शिळा, एकदा डुलली आणि कूस बदलून निघून गेली.

अंधार पडेस्तोवर ते चालू होतं. सकाळी पाहिलं तर नदीने जुनी वाट सोडून दिली होती. ती आता खेळाच्या मैदानातून वाहत होती, आणि जुन्या पात्रात नुसता गोट्यांचा सडा.

पाणी ओसरल्यावर डॉक्टरांची बायको स्वतः वर गेली. मेहुणा, शाळेतले भूगोलाचे मास्तर आणि शिंपी बरोबर होते. परत आली ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून बोलली, आणि गाव ऐकायला बसला.

"फट राहिलीच नाही," ती म्हणाली. "तिथे आता अख्खी दरी आहे. बर्फ अडकला, तळं चढत चढत ढिगाऱ्याच्या माथ्यावर आलं आणि वरून सांडायला लागलं. तो ढिगारा म्हणजे काय, चिकटवलेला नाही, बांधलेला नाही. पाण्याने त्यात चर पाडला. चर मोठा झाला तसं पाणी वाढलं, पाणी वाढलं तसा चर आणखी खणला गेला. तळं थांबवणारंच वाहून गेलं, मग तळं कशाला थांबतंय? आता तिथे तळाचा चिखल दिसतो."

डॉक्टर मागे उभे होते. लोकांची तोंडं बंद होती, आणि ती कुणी कापूस कोंबून बंद केलेली नव्हती. डॉक्टरांच्या पोटात ओळखीची कळ आली. आता हिचा मत्सर!

"पण काही म्हणा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वर चढा म्हणून सांगितलं ते गुरूंनीच."

डॉक्टर उसळले, पण त्यांच्या आधी बायको बोलली.

"हो. आणि खाली बसा म्हणूनही त्यांनीच सांगितलं होतं. ते आवडायचे म्हणून मी बसले. आमचे हे जळत होते म्हणून मी यांचं ऐकलं नाही. दोन्ही वेळा मी माणसाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलंच नाही."

"वर आणखी एक तळं आहे ना, वहिनी?" शिंप्याने विचारलं. "ते कधी फुटेल?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

 हे उत्तर त्या गावाने फार दिवसांत ऐकलं नव्हतं. गुरूंना सगळं माहीत असे, आणि डॉक्टरांनाही.

"माहीत नाही म्हणूनच पुन्हा वर जायचं," ती पुढे म्हणाली. "मोजायचं, पाहायचं, आणि जे दिसेल ते सगळ्यांना सांगायचं, एकालाच कानात नाही. कुणी नदी थांबवली म्हणाला तर हात जोडण्याआधी विचारा, कशी थांबवली. सांगणारा आवडता असो की नावडता, विचारा. उत्तर मिळेपर्यंत पात्रात बसू नका. उद्या सकाळी निघतेय मी. कोण येतंय?"

शिंप्याचा हात वर झाला, मास्तरांचा झाला, नगराध्यक्षांचाही अर्धवट झाला. डॉक्टरांनी थोडा वेळ तग धरला. मग बायकोला मास्तरांबरोबर पाठवण्यापेक्षा स्वतः गेलेलं बरं, असा शुद्ध विवेकी विचार करून त्यांनीही हात वर केला.